वेळासची कासवे : एका गावाच्या राखणीचा अभ्यास

वन्य प्राण्यांचे संरक्षण असे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ताडोबाचा वाघ, अभयारण्याचे फाटक आणि खाकी गणवेशातला वनरक्षक उभा राहतो. म्हणजे हे काम सरकारचे, फार तर शहरातील शिकल्यासवरल्या हौशी मंडळींचे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. खेड्यातला शेतकरी, मजूर किंवा मच्छीमार या चित्रात असलाच, तर तो लाकूड तोडणारा किंवा शिकार करणारा म्हणून असतो. ही समजूत कितपत खरी आहे, हे तपासून पाहण्यासाठी प्रस्तुत लेखात रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास या गावाचा विचार केला आहे.

वेळास मंडणगड तालुक्यात आहे. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे याच तालुक्यातले, त्यामुळे आपल्यापैकी अनेकांना या बाजूचे लाल रस्ते परिचित आहेत. मात्र वेळास बाणकोट किल्ल्याच्या जवळ, अगदी समुद्रकाठी असल्यामुळे मुद्दाम वाट वाकडी केल्याशिवाय तेथे जाणे होत नाही. इतिहासाच्या पुस्तकात ते नाना फडणविसांचे गाव म्हणून येते. आज मात्र त्याचे नाव घेतले जाते ते कासवांसाठी.

या कासवांची जात ऑलिव्ह रिडले. पूर्ण वाढलेल्या मादीची पाठ दोन-सव्वादोन फूट लांब भरते आणि वजन पस्तीस ते पन्नास किलोपर्यंत असते. तिचे सारे आयुष्य समुद्रात जाते. किनाऱ्यावर ती येते ती फक्त अंडी घालण्यासाठी. कोकणात हा काळ साधारणपणे नोव्हेंबर ते मार्च असा आहे. रात्रीच्या वेळी मादी भरतीच्या रेषेच्या वर येते, मागच्या वल्ह्यासारख्या पायांनी वाळूत दीड फूट खोल, माठाच्या आकाराचा खड्डा करते, त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटून खड्डा बुजवते आणि तासाभरात समुद्रात परत जाते. मागे वळून ती पाहत नाही. अंडी उबवण्याचे काम वाळूची उष्णता करते. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिले बाहेर पडतात, ती आपल्या अंगठ्याएवढी असतात. पिलू नर होणार की मादी, हेही वाळूच्या तापमानावर ठरते. तापमान सुमारे २९ ते ३० अंश सेल्सिअसच्या वर गेले की माद्या अधिक होतात आणि खाली राहिले की नर अधिक होतात. विद्यार्थ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

ओडिशात गहिरमाथा आणि ऋषिकुल्या येथे हजारो माद्या थोड्या दिवसांत एकदम किनाऱ्यावर येतात. कोकणात तसे घडत नाही. येथे एक मादी आज, तर दुसरी चार दिवसांनी येते. त्यामुळे हे दृश्य कोणाच्या डोळ्यांत भरत नाही आणि अंडी नाहीशी झाली तरी कोणाला कळत नाही. कोल्हे, कुत्रे, खेकडे, कावळे आणि घारी हे कासवाचे जुने शत्रू आहेत. त्यांच्यासाठी निसर्गाने हिशेब धरूनच एवढी अंडी दिलेली आहेत. त्यांच्यात माणसाची भर पडली तेव्हा हा हिशेब बिघडला. पहाटे वाळूवर उमटलेला मादीचा माग ट्रॅक्टरच्या चाकाच्या खुणेसारखा स्पष्ट दिसतो. तो ओळखणाऱ्याला घरटे सापडणे अवघड नाही. ही अंडी काढून खाल्ली जात, बाजारात विकलीही जात.

२००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाची पाहणी करीत कोकण किनाऱ्याने फिरत होते. वेळासच्या पुळणीवर त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले आढळली. चौकशीअंती अंडी काढली जातात हे समजले. आता येथे त्यांच्यापुढे दोन मार्ग होते. सागरी कासव वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याची अंडी काढणे हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. तक्रार करावी, दोघा-चौघांना अटक व्हावी आणि वर्तमानपत्रात बातमी यावी, हा एक मार्ग होता. गावात बसून ग्रामपंचायतीशी आणि ग्रामस्थांशी बोलावे, हा दुसरा. त्यांनी दुसरा मार्ग धरला, आणि माझ्या मते या साऱ्या हकिगतीतील निर्णायक पाऊल तेच होय. कायद्याच्या धाकाने रात्रीच्या अंधारात पुळण राखता येत नाही. जो माणूस माग ओळखतो, भरती-ओहोटीची वेळ जाणतो आणि रात्री समुद्रावर फिरायला कचरत नाही, तोच ती राखू शकतो. असा माणूस गावातच असतो.

गावातील माणसे मानधनावर राखणीस लागली. पहिल्याच हंगामात सुमारे पन्नास घरटी सुरक्षित झाली आणि अडीच हजारांहून अधिक पिले समुद्रात गेली.

हे काम दिसते तितके सोपे नाही. राखणदार रात्री आणि पहाटे किनाऱ्याची फेरी मारतो. माग दिसला की घरटे हुडकून काढतो आणि हाताने हळूहळू वाळू उपसतो. अंडी काही तासांच्या आत हलवावी लागतात, कारण त्यानंतर आतील गर्भ कवचाला चिकटतो व अंडे उलटेपालटे झाल्यास तो मरतो. म्हणून अंडे जसे होते तसेच उचलायचे, फिरवायचे नाही. भरतीच्या टप्प्याबाहेर कुंपण घातलेली जागा असते. तिला सर्वजण हॅचरीच म्हणतात. मूळ खड्डा जेवढा खोल, तेवढाच आणि तशाच माठाच्या आकाराचा खड्डा तेथे करून अंडी ठेवायची आणि वर तारीख व अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी लावायची. दिवस भरत आले की घरट्यावर टोपली पालथी घालतात आणि सकाळ-संध्याकाळ ती उचलून पाहतात. पिले निघाली की ती थेट पाण्यात नेऊन सोडत नाहीत. पाण्यापासून काही अंतरावर ठेवून त्यांना स्वतः चालत जाऊ देतात. मादी मोठी झाल्यावर आपल्या जन्माच्या परिसरातील किनाऱ्याकडे परत येते. त्या ओळखीत या पहिल्या चालीचा वाटा असावा, असे अभ्यासक मानतात.

मानधन देणारी संस्था कायम पैसा कोठून आणणार, हा प्रश्न लवकरच उभा राहिला. २००६ पासून वेळासला कासव महोत्सव भरू लागला. पिले समुद्रात जाताना पाहण्यासाठी मुंबई-पुण्याहून माणसे येऊ लागली. गावात हॉटेले नव्हती, त्यामुळे पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरले, त्यांच्याच ओसरीवर झोपले आणि त्या घरच्या बायकांच्या हातचे जेवले. त्याचा मोबदला त्या घरांत गेला. अंडी काढून विकण्यापेक्षा अंडी राखण्यात गावाचे हित आहे, हे कोणा वक्त्याने सांगण्याची गरज उरली नाही. पुढे आंजर्ले, केळशी, गुहागर, गावखडी, हरिहरेश्वर, दिवेआगर, वायंगणी अशा अनेक ठिकाणी हे काम पसरले. वन विभाग त्यात उतरला आणि राखण करणाऱ्यांना 'कासवमित्र' असे नाव मिळाले.

यावर कोणी म्हणेल, की मग ही करुणा कसली, हा तर व्यवहार झाला. हा आक्षेप सहसा पोट भरलेली माणसे घेतात. ज्याच्या घरी पावसाळ्यात चूल पेटण्याची पंचाईत आहे, त्याने वाळूतली शंभर अंडी केवळ दयेपोटी सोडून द्यावीत, ही अपेक्षा करणाऱ्याने स्वतः काय सोडले, हेही विचारले पाहिजे.

या संदर्भात सम्राट अशोकाचे आलेख पाहण्याजोगे आहेत. पाचव्या स्तंभलेखात त्याने अवध्य ठरविलेल्या प्राण्यांची लांबलचक यादी आहे; पोपट, मैना, वटवाघूळ यांच्याबरोबर त्यात कासवही आहे. राज्यकर्त्याने वन्य जीवांना दिलेल्या संरक्षणाचा हा जगातील अतिप्राचीन लेखी पुराव्यांपैकी एक होय. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने मला नववा शिलालेख अधिक मोलाचा वाटतो. त्याचा एक तुकडा कोकण किनाऱ्यावरच, वसईजवळ भुईगाव येथे १९५६ साली सापडला. खरे मंगल कोणते, हे त्या आलेखात सांगितले आहे. त्यात दास आणि सेवक यांच्याशी योग्य वर्तन, वडीलधाऱ्यांचा आदर आणि प्राणिमात्रांविषयी संयम या गोष्टी एकाच दमात येतात. राबणाऱ्या माणसाशी नीट वागणे वेगळे आणि मुक्या जीवाशी नीट वागणे वेगळे, अशी फारकत तेथे नाही. आपल्याकडे पुष्कळदा ती केली गेली. मुंगीला साखर घालणाऱ्या हातांनीच माणसाला पाण्यापासून दूर ठेवले, याचा आपल्या समाजाइतका अनुभव दुसऱ्या कोणाला असणार?

म्हणून वेळासची हकिगत वाचताना विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवून थांबू नये. पाहुणा कोणाच्या घरी उतरतो, हे विचारावे. ज्याला मोठे घर, ओसरी आणि संडास आहे, त्याच्याकडे पाहुणा सहज जातो. ज्याचे घर गावाच्या टोकाला दोन खोल्यांचे आहे त्याच्याकडे जातो काय? हा प्रश्न एकट्या वेळासला नव्हे, तर निसर्ग पर्यटन चालणाऱ्या प्रत्येक गावाला लागू आहे. आपल्या गावी असे काही सुरू झाले असेल, तर वाडीनिहाय घरे मोजून एका वहीत त्याची नोंद करणे हा उत्तम अभ्यास ठरेल. ओडिशात कासवांच्या रक्षणासाठी नोव्हेंबर ते मे असे सात महिने काही भागांत किनाऱ्यापासून वीस किलोमीटरपर्यंत मासेमारीस बंदी असते. बंदीचा हेतू योग्यच आहे, पण सात महिने होडी ओढून ठेवण्याचा भार लहान मच्छीमाराच्या घरावर पडतो. कासव वाचल्याचा आनंद साऱ्या देशाला आणि त्याचा खर्च एका कोळीवाड्याला, ही वाटणी न्यायाची नव्हे.

महाराष्ट्रात या बाबतीत एक चांगला निर्णय झाला. कासव हा फुप्फुसाने श्वास घेणारा प्राणी आहे. जाळ्यात अडकून पाण्याखाली राहिला तर तो गुदमरून मरतो. त्याला सोडवायचे तर पुष्कळदा जाळे कापावे लागते, आणि जाळे म्हणजे मच्छीमाराचे भांडवल. डिसेंबर २०१८ मध्ये राज्य शासनाने ठरविले, की कासव, डॉल्फिन, देवमासा यांसारखा संरक्षित जीव सोडण्यासाठी जाळे कापल्यास त्याची पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यावी. त्यासाठी सुटकेचे छायाचित्र लागते. किनाऱ्यालगतच्या गावांत ज्यांचे नातेवाईक आहेत, त्यांनी ही माहिती त्यांच्या कानावर घालावी.

प्राण्यांना हक्क आहेत काय, या प्रश्नावर महाविद्यालयीन वादविवाद स्पर्धांत पुष्कळ बोलले जाते. संविधानाच्या कलम ५१-क मध्ये प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य सांगितले आहे. हे कलम १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आले, मूळ संविधानात ते नव्हते; परीक्षेत ही चूक हमखास होते. हक्क म्हणा वा कर्तव्य म्हणा, कासवाच्या बाजूने न्यायालयात जाण्यापूर्वी रात्री दोन वाजता कंदील न लावता पुळणीवर चालणारा कोणी तरी लागतो, एवढे खरे.

कंदील न लावता असे मुद्दाम म्हटले, कारण पिले रात्री समुद्राच्या उजळ क्षितिजाकडे धाव घेतात. किनाऱ्यावर दिवे असले की ती उलट दिशेने वस्तीकडे जातात आणि मरतात. गोव्यात मोरजी येथे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात गावकऱ्यांच्या साहाय्याने कासवांची राखण सुरू झाली. पुढे त्याच किनाऱ्यावर पर्यटनाचे दिवे, खुर्च्या आणि गोंगाट वाढला. वेळासपुढेही हा धोका आहेच. शिमग्याला आपण गावी जातो तेव्हाच पिले बाहेर पडण्याचा हंगाम असतो. कोणी तेथे गेलाच तर दोरीच्या मागे उभे राहावे, पिलाला हात लावू नये, छायाचित्रासाठी झगझगीत दिवा पाडू नये. दुसरा धोका उष्णतेचा आहे. वाळू तापत गेली तर माद्यांचे प्रमाण वाढत जाईल, आणि त्याहून अधिक तापली तर अंडीच नासतील. हॅचरीवर सावलीचे जाळे बांधणे हा त्यावरचा उपाय आहे, परंतु समुद्राने पुळणच कापून नेली तर बांधणार कशावर?

या कासवांचे पुढे काय होते, हे आता कोठे थोडेसे कळू लागले आहे. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारे यंत्र बसविण्यात आले आणि तिचे नाव 'प्रथमा' ठेवण्यात आले. २०२३ साली गुहागरहून सोडलेली 'बागेश्री' श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. याहून नवलाची गोष्ट जानेवारी २०२५ मधली. गुहागरला अंडी घालण्यास आलेल्या एका मादीच्या वल्ह्यावर धातूची पट्टी आढळली. तिच्यावर ०३२३३ हा क्रमांक होता. ही पट्टी तिला २०२१ साली ओडिशात लावलेली होती. पूर्व किनारा आणि पश्चिम किनारा यांवरील कासवे वेगवेगळी, असे जे मानले जाई त्याचा यामुळे पुन्हा विचार करणे भाग पडले.

वेळासच्या पहिल्या हंगामातील पिलांना मात्र कोणतीही पट्टी नव्हती. एवढ्या लहान अंगावर ती लावताच येत नाही. ऑलिव्ह रिडले मादी साधारणपणे बारा ते पंधरा वर्षांत वयात येते. २००३ च्या उन्हाळ्यात समुद्रात गेलेल्या अडीच हजारांपैकी जी जगली असतील, ती आता आपली अंडी घालण्याच्या वयाची झाली आहेत. पहाटे माग काढीत आलेला राखणदार वाळू उपसतो तेव्हा त्याच्या हाताला लागलेली अंडी त्यांतल्याच एखादीची आहेत की काय, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. तो ती मोजतो, पाटीवर आकडा लिहितो आणि पुढच्या घरट्याकडे जातो.