पबमेड, कॉक्रेन आणि आपले विद्यार्थी : आरोग्याविषयीचं संशोधन शोधायचं कसं?



बारावीनंतर आपली कितीतरी मुलं वैद्यकीय, नर्सिंग, फिजिओथेरपी, फार्मसी, आयुर्वेद अशा शाखांकडे वळतात. पहिल्याच वर्षी त्यांच्या कानावर नवे शब्द पडतात : पबमेड, कॉक्रेन, मेडलाइन. पाठ्यपुस्तकातलं उत्तर पाठ करायची सवय असलेल्या मुलाला एकदम सांगितलं जातं, "याचा पुरावा शोधून आण." इथे बरीच मुलं गोंधळतात. गुगलवर पहिलं जे दिसेल ते उचलतात आणि प्रोजेक्टला चिकटवतात. म्हणून हे डेटाबेस म्हणजे काय आणि ते कसे वापरायचे, हे आपणही समजून घेऊ. नववी-दहावीपासून थोडी सवय लावता आली तर फारच उत्तम.

डेटाबेस म्हणजे नेमकं काय?

मोठ्या वाचनालयात पूर्वी लाकडी खणांत कार्डं असायची. लेखक, विषय, पुस्तक क्रमांक. कार्ड म्हणजे पुस्तक नव्हे, पण कार्ड नसेल तर पुस्तक सापडणार नाही. संशोधनाचा डेटाबेस म्हणजे अशीच सूची, फक्त अवाढव्य.

अमेरिकेत जॉन शॉ बिलिंग्ज या लष्करी डॉक्टरांनी 1879 मध्ये 'इंडेक्स मेडिकस' नावाची छापील सूची सुरू केली. जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत काय छापून आलं, याची विषयवार नोंद त्यात असे. 1971 मध्ये तिथल्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने हीच सूची ऑनलाइन शोधता येईल अशी केली, ती 'मेडलाइन'. 1996 मध्ये 'पबमेड' आलं आणि 1997 पासून ते सर्वांसाठी मोफत झालं. आज त्यात साडेतीन कोटींहून जास्त नोंदी आहेत. गडचिरोलीतली नर्सिंगची विद्यार्थिनी आणि लंडनमधला प्राध्यापक, दोघांनाही तीच सूची दिसते.

एक फरक मुलांना आवर्जून सांगावा. पबमेडमध्ये मुख्यतः नोंद आणि सारांश मिळतो. पूर्ण लेख मोफत वाचायचा असेल तर 2000 साली सुरू झालेलं 'पबमेड सेंट्रल' बघायचं.

पुरावा असूनही सापडला नाही तर?

"एवढी शोधाशोध कशाला?" असं मूल विचारेल. त्याला पुढची खरी गोष्ट सांगा.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसं पुरती तयार झालेली नसतात, श्वास घेता येत नाही. न्यूझीलंडमधल्या लिगिन्स आणि हॉवी या डॉक्टरांनी 1972 मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. लवकर प्रसूती होण्याची शक्यता असलेल्या आईला आधीच स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं, तर बाळाला श्वासाचा त्रास कमी होतो, असं त्यात दिसलं. औषध स्वस्त होतं. पुढच्या वर्षांत वेगवेगळ्या ठिकाणी अशा आणखी चाचण्या झाल्या. पण त्या विखुरलेल्या राहिल्या. काही चाचण्या लहान होत्या. एकेकटी वाचली तर फायदा आहे की नाही, ठामपणे सांगता येत नसे.

या सगळ्या चाचण्या पद्धतशीरपणे एकत्र मांडणारा आढावा 1989 पर्यंत प्रसिद्धच झाला नव्हता. एकत्र मांडल्यावर चित्र स्पष्ट झालं : या उपचाराने बाळ दगावण्याची शक्यता बरीच कमी होते. मधल्या काळात बहुतेक प्रसूतितज्ज्ञांना हे ठाऊकच नव्हतं. हजारो बाळं अशी गेली, जी कदाचित वाचली असती. पुरावा कपाटांत पडून होता, कुणी तो एकत्र आणला नव्हता.

ब्रिटिश डॉक्टर आर्ची कॉक्रेन यांनी 1972 मध्येच आपल्या पुस्तकात उपचारांची अशी कसोटी लावण्याचा आग्रह धरला होता. त्यांच्या नावाने 1993 मध्ये सर इयान चॅल्मर्स आणि सहकाऱ्यांनी 'कॉक्रेन' ही संस्था उभी केली. एका प्रश्नावर झालेल्या सगळ्या चाचण्या शोधायच्या, त्यांचा दर्जा तपासायचा आणि एकत्र निष्कर्ष मांडायचा, हे तिचं काम. याला 'सिस्टिमॅटिक रिव्ह्यू' म्हणजे पद्धतशीर आढावा म्हणतात. कॉक्रेनच्या बोधचिन्हातल्या आडव्या रेघा पाहिल्यात? त्या याच स्टेरॉइडच्या चाचण्या आहेत.

गोष्ट इथेच संपत नाही. 2015 मध्ये भारतासह सहा देशांतली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. गावपातळीवर, पुरेशा सोयी नसलेल्या ठिकाणीही हे इंजेक्शन वापरलं गेलं, तेव्हा अपेक्षित फायदा दिसला नाही, उलट एकूण नवजात मृत्यू वाढलेले दिसले. मग 2020 मध्ये भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत झालेली जागतिक आरोग्य संघटनेची चाचणी प्रसिद्ध झाली. गर्भाचं वय नीट तपासून आणि बाळाच्या काळजीची सोय असताना इंजेक्शन दिलं, तर बाळं वाचतात, असं त्यात दिसलं. म्हणजे औषध तेच, पण कुठे, कुणाला आणि कोणत्या सोयींसह, यावर उत्तर बदलतं. म्हणून जुना लेख वाचून थांबायचं नाही, नंतर काय झालं तेही बघायचं.

आधी प्रश्न नीट विचारा

शोध फसतो तो बहुतेक वेळा प्रश्न मोघम असल्यामुळे. "झिंक चांगलं असतं का?" याला उत्तर नाही. प्रश्नाचे चार भाग पाडायला शिकवा :

1. कोण? – जुलाब झालेलं लहान मूल
2. काय दिलं? – झिंकच्या गोळ्या
3. कशाशी तुलना? – झिंक न देता बाकी उपचार तेच
4. काय बघायचं? – जुलाब किती दिवसांत थांबले

आता शोधलं तर कॉक्रेनचा 2016 चा आढावा हाती लागतो. सहा महिन्यांवरच्या मुलांचे जुलाब झिंकमुळे सरासरी अर्धा दिवस लवकर थांबतात, कुपोषित मुलांत साधारण एक दिवस. सहा महिन्यांखालच्या बाळांत असा फायदा दिसला नाही. झिंकमुळे उलट्या थोड्या वाढतात, हेही त्यात आहे. आशाताई ओआरएससोबत झिंकच्या गोळ्या का देतात, हे मुलांना इथे कळतं. आणि "अर्धा दिवस" हा आकडा कळला की औषध ना जादू वाटत ना फसवणूक.

शोधताना लक्षात ठेवायच्या गोष्टी

• एकाच आजाराची नावं अनेक असतात. एक लेखक 'हार्ट अटॅक' लिहितो, दुसरा 'मायोकार्डियल इन्फार्क्शन'. पबमेडकडे 'मेश' नावाची विषयशब्दांची ठरावीक यादी आहे. आपण साधा शब्द टाकला तरी बहुधा ते योग्य विषयशब्दाशी जोडून देतं.

• दोन्ही गोष्टी हव्या असतील तर मधे 'ॲण्ड', दोन्हींपैकी एक चालत असेल तर 'ऑर'. हे शब्द इंग्रजीत आणि कॅपिटल अक्षरांत टाइप करायचे.

• निकाल हजारोंनी आले तर बाजूच्या चाळण्या वापरा : आधी पद्धतशीर आढावा, तो नसेल तर चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेली चाचणी, मग बाकीचं. एका रुग्णाची हकिकत हाही लेख असतो, पण त्यावरून सगळ्यांचा उपचार ठरत नाही.

• पबमेडमध्ये आहे म्हणजे खरंच आहे, असं नाही. सूचीत आलेला लेख कच्चाही असू शकतो. उंदरांवरचा प्रयोग माणसांना जसाच्या तसा लागू होत नाही.

मागे घेतलेला लेख

1998 मध्ये 'द लॅन्सेट' या नामांकित नियतकालिकात अँड्र्यू वेकफिल्ड आणि सहकाऱ्यांचा एक लेख आला. फक्त 12 मुलांच्या नोंदींवरून गोवर-गालगुंड-रुबेला लस आणि स्वमग्नता यांचा संबंध त्यात सुचवला गेला. ब्रिटनमध्ये घबराट पसरली, लसीकरण घसरलं. 2010 मध्ये लॅन्सेटने तो लेख मागे घेतला. 2019 मध्ये डेन्मार्कमधल्या 6,57,461 मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात या लशीमुळे स्वमग्नतेचा धोका वाढलेला दिसला नाही.

आज पबमेडवर तो जुना लेख उघडला तर तो मागे घेतल्याची सूचना ठळक दिसते. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फोटोत मात्र ती सूचना नसते! 27 नोव्हेंबर 2018 पासून महाराष्ट्रात 9 महिने ते 15 वर्षांच्या मुलांसाठी गोवर-रुबेला मोहीम झाली. शाळाशाळांत लस देताना पालकांच्या शंकांना तोंड कुणी दिलं? आपण शिक्षकांनीच. अशा वेळी "काही होत नाही हो" म्हणण्यापेक्षा "हा लेख मागे घेतलाय, हे बघा" असं दाखवता आलं तर पालकाच्या शंकेचा मानही राहतो आणि मूलही सुरक्षित राहतं.

कोणत्या शाखेला काय?

• सर्वांसाठी : पबमेड. कॉक्रेनचे सारांश आणि साध्या भाषेतले गोषवारेही मोफत वाचता येतात.
• नर्सिंग : 'सिनाल'. हे सशुल्क आहे, कॉलेजच्या ग्रंथालयात विचारावं.
• फिजिओथेरपी : ऑस्ट्रेलियातून चालणारं 'पेड्रो', मोफत. चाचण्यांना दर्जानुसार 10 पैकी गुण दिलेले असतात.
• आयुर्वेद, होमिओपॅथी इत्यादी : 'आयुष रिसर्च पोर्टल'.
• भारतात कोणत्या चाचण्या चालू आहेत ते पाहायला : 2007 मध्ये सुरू झालेली 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया'.

अनेक लेखांना पैसे पडतात, आणि एका लेखाची किंमत विद्यार्थ्याला परवडणारी नसते. 1 जानेवारी 2025 पासून केंद्राची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना सुरू झाली. तिच्यात 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिकं सरकारी उच्च शिक्षण आणि संशोधन संस्थांना मिळतात. आपलं मूल सरकारी महाविद्यालयात असेल तर ग्रंथपालांना याबद्दल जरूर विचारायला सांगा. खाजगी महाविद्यालयात असेल तर पबमेड सेंट्रल आहेच.

वर्गासाठी उपक्रम (आठवी ते बारावी)

मुलांचे चार-चारचे गट करा. प्रत्येक गटाने घरच्या मोबाइलवर आलेला आरोग्याचा एक निरोप आणायचा. वहीत पाच ओळींत उत्तरं लिहायची :

1. दावा काय आहे? (कोण, काय, कशाशी तुलना, परिणाम)
2. निरोपात मूळ अभ्यासाचा उल्लेख आहे का?
3. पबमेडवर तो सापडला का? माणसांवरचा आहे का? किती जणांवर?
4. याच प्रश्नावर पद्धतशीर आढावा आहे का? तो काय म्हणतो?
5. मूळ लेख मागे घेतलाय का?

इंग्रजी अवघड वाटलं तर सारांशातली शेवटची दोन वाक्यं इंग्रजीच्या शिक्षकांसोबत वाचा. दोन विषयांचा तास एकत्र घेता येतो.

पालकांसाठी एकच सूचना. हे वाचन डॉक्टरांच्या ऐवजी नाही. औषध स्वतःहून सुरू किंवा बंद करू नये. मात्र दवाखान्यात जाताना "डॉक्टर, माझ्या मुलाच्या वयाला हे लागू होतं का?" एवढा प्रश्न कागदावर लिहून न्या. तो विचारायला डॉक्टरकीचं शिक्षण लागत नाही.