डिकीतले अकरा तास

“वहिनींना मासे सोसत नाहीत.” हे वाक्य मी दोन वर्षं माझ्याच घरात ऐकलं. माझा जन्म वेंगुर्ल्याचा. बांगड्याचा काटा जिभेनं सोडवायला मी शाळेत जायच्या आधी शिकले. तरी घरातली माणसं मासे वाढताना माझंच ताट बाजूला सारायची आणि वर “त्यांच्यासाठी वरण आहे” असं पाहुण्यांना सांगायची.

झालं ते असं. मे महिना होता. भावोजी मालवणहून पुण्याला आमच्याकडे आले. निघताना पहाटे सहाला बंदरावर पंधरा-सोळा बांगडे घेतले होते. मासे ताजे होते याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. कल्ले लालभडक, डोळे चकचकीत. पण ते दुहेरी पिशवीत बांधून गाडीच्या डिकीत टाकलेले. वाटेत कोल्हापूरला पाहुण्यांकडे जेवण, चहा, गप्पा. आमच्या दारात गाडी लागली तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. पिशवी मी सोडली. मासे कोमट लागले हाताला. तसं मी बोललेसुद्धा. “गाडी तापते, वहिनी. सकाळी उडत होते हो हे!” एवढं म्हणून ते आंघोळीला गेले. वास काही येत नव्हता. मी मासे साफ केले, मीठ-हळद लावून फ्रीजरमध्ये ठेवले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिरफळं घालून तिखलं केलं.

पहिल्या दोन घासांतच जीभ चरचरली. तिरफळ चावलं गेलं असेल असं वाटलं. ताटावरून उठून पंधरा-वीस मिनिटं झाली असतील, कानाच्या पाळ्या तापल्या. मग तोंड, गळा, छाती, कुणी गरम तवा जवळ धरावा तशी आग. डोकं ठणकायला लागलं, छातीत धडधड, दंडावर गांधी उठल्या. सासूबाईंनी आमसुलाचं पाणी चोळलं. जुलाब झाले. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, तासाभरात उतार पडला आणि त्यांनी सांगून टाकलं : अ‍ॅलर्जी. मासे कायमचे बंद.

मासा कुठून आला, किती वेळ बाहेर होता, यातलं काही त्यांनी विचारलं नाही. दोन प्रश्न विचारायला किती वेळ लागतो?

त्याहून जास्त लागलं ते भावोजींचं बोलणं. “आम्ही सगळ्यांनी खाल्ला. मासा खराब असता तर सगळेच आडवे झाले असते.” घरात सगळ्यांना हे पटलं. यांनाही. सासूबाईंनी दोष चहाला दिला, माशावर दूध पोटात गेलं म्हणून. मी मासा कोमट होता असं दोनदा म्हटलं, तर मी पाहुण्यावर आळ घेते असा अर्थ निघाला. मग गप्प बसले. दोन वर्षं बांगडा, सुरमई, कोलंबी, सगळं सोडलं. कोलंबी तर विनाकारण सोडली, हे पुढे कळलं.

पुढे शिंकांचा त्रास वाढला म्हणून अ‍ॅलर्जीच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे गेले. त्यांनी हातावर थेंब टाकून, त्यावर बारीक टोचून चाचणी केली. घरातल्या धुळीच्या थेंबाखाली गांधी उठली. माझ्या सांगण्यावरून बांगड्याचाही थेंब टाकला होता. तिथे काहीच नाही. कातडी जशीच्या तशी. मी हाताकडे बघत राहिले. डॉक्टरांनी विचारलं, “ताई, त्या दिवशीचा मासा शिजायच्या आधी कुठे होता?” म्हटलं, डिकीत. “बर्फात?” नाही. “किती तास?” अकरा. त्यांनी पेन खाली ठेवलं.

त्यांनी समजावलं ते असं. बांगडा, तारली, कुपा, सुरमई यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा मेल्यावर त्याच्या कल्ल्यांतले आणि आतड्यांतले जिवाणू उबेत वाढतात आणि त्या हिस्टिडीनचं हिस्टामिन करतात. अ‍ॅलर्जीत आपलं शरीर जे हिस्टामिन सोडतं, तेच इथे आयतं माशातून पोटात जातं. म्हणून लक्षणं हुबेहूब अ‍ॅलर्जीसारखी, म्हणूनच अ‍ॅलर्जीचं औषध लागू पडतं. माझं इंजेक्शन लागू पडलं आणि त्यावरूनच माझ्यावर शिक्का बसला.

एकदा तयार झालेलं हिस्टामिन उकळून जात नाही, तळून जात नाही, फ्रीजरमध्येही नाहीसं होत नाही. वास किंवा रंग बदलेलच असंही नाही. मिरीसारखं चरचरणं ही त्याची एक खूण असते, आणि ती माझ्या तिरफळांनी झाकली होती. हे ऐकलं तेव्हा तो पहिला घास जिभेवर परत आला.

मग इतरांना का नाही झालं? कारण हिस्टामिन सगळ्या माशांत सारखं नसतं. एकाच पिशवीतल्या एका बांगड्यात भरपूर, शेजारच्यात नावापुरतं. घरी येऊन मी त्या दुपारी आमच्यासोबत जेवलेल्या पुतणीला, भावोजींच्या मुलीला, फोन केला. ती म्हणाली, “काकू, त्या दुपारी माझंही तोंड लाल झालं होतं, डोकं दुखत होतं. बाबा म्हणाले, ऊन लागलं.” म्हणजे मी एकटी नव्हतेच.

माझ्यावर जी वेळ आली ती कुणावर येऊ नये म्हणून लिहिते. मासे लांब न्यायचे असतील तर घेतल्याजागी कल्ले आणि आतडी काढून घ्या, थर्माकोलच्या खोक्यात माशाच्या वजनाइतका फोडलेला बर्फ घाला, वितळेल तसा वाटेत भरा. घरी आल्यावर फ्रीजरमध्ये टाकून भरपाई होत नाही, लिंबू-मिठानंही होत नाही. बांगडा दुरून आलेला असेल तर मी त्या दिवशी तिरफळ घालत नाही. जीभ चरचरली तर घास थुंका आणि मासा बाजूला ठेवा, वाढणाऱ्याला काय वाटेल याचा विचार करू नका. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, तेव्हा बाजारातला मासा कुठून आला हे विचारूनच घ्या. ओळखीची कोळीण असेल तर उत्तमच.

त्रास झालाच तर कागदावर लिहा : कोणता मासा, किती वाजता खाल्ला, किती मिनिटांनी काय झालं, आणखी कुणाला काय झालं. उरलेला तुकडा तपासणीसाठी फ्रीजरमध्ये ठेवा. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात हिस्टामिनची मर्यादा किलोमागे २०० मिलिग्रॅम आहे आणि प्रयोगशाळेत ते मोजता येतं. मी तुकडा ठेवला असता तर दोन वर्षं वाचली असती. क्षयरोगाचं आयसोनियाझिड चालू असणाऱ्यांनी बांगडा, तारली, कुपा यांसारखे मासे फार जपून खावेत, कारण त्या औषधानं शरीराला हिस्टामिन नीट मोडता येत नाही.

माशाची खरी अ‍ॅलर्जीही असते आणि ती जिवावर बेतते. ती माशातल्या प्रथिनाची असते, मासा कितीही ताजा असला तरी, थोडासा खाल्ला तरी होते. कोलंबी-खेकड्यांची अ‍ॅलर्जी वेगळ्या प्रथिनाची. एक असली की दुसरी असतेच असं नाही. कोणती आहे ते घरी खाऊन बघू नका, डॉक्टरांकडे ठरवा. आणि श्वास अडकला, जीभ सुजली, चक्कर आली तर कारण शोधत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

भावोजींना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, “डॉक्टर काय, काहीही सांगतात.” गेल्या मे महिन्यात पुन्हा आले, पुन्हा तीच दुहेरी पिशवी. मी ती सर्वांसमक्ष ओल्या कचऱ्यात टाकली आणि पिठलं केलं. ते न जेवता निघाले, त्यानंतर त्यांचा फोन नाही. यांनी मात्र परवा मोठं थर्माकोलचं खोकं आणलं. गणपतीला आम्ही गावी जाणार आहोत, येताना बांगडे मीच भरणार आहे.