बल मोजायचं म्हणजे नेमकं काय मोजायचं?

नववीच्या वर्गात 'बल' हा घटक सुरू करताना मी ताणकाटा, म्हणजेच स्प्रिंग बॅलन्स, हातात घेतो आणि एक प्रश्न विचारतो. काट्याच्या दोन टोकांना दोन मुलं धरून ओढत आहेत, प्रत्येक जण 5 न्यूटन बलाने. काटा किती दाखवेल? बहुतेक हात '10' ला वर जातात. एखादं चुणचुणीत पोर 'शून्य' म्हणतं, कारण बलं विरुद्ध दिशांना आहेत, म्हणजे खोडली जाणार.

उत्तर 5 आहे. पालकांनी घरी विचारून पाहा, मोठी माणसंही चुकतात.

समजवायला सोपा मार्ग म्हणजे काट्याचं एक टोक खिडकीच्या गजाला अडकवा आणि दुसरं ओढा. काटा 5 दाखवतो, याबद्दल कुणाला शंका नसते. पण काटा जागचा हलत नाही, याचा अर्थ गजही त्याला 5 न्यूटननेच मागे ओढतोय. आता गजाच्या जागी मुलगा उभा करा. स्प्रिंगला काय फरक पडला? काहीच नाही. न्यूटनचा तिसरा नियम पाठ असलेली मुलंही इथे अडखळतात, कारण काटा 'बल मोजतो' असं आपणच त्यांना सांगितलेलं असतं. खरं तर काटा स्वतःची लांबी किती वाढली तेवढंच दाखवतो.

बल दिसत नाही, त्याने केलेला बदल दिसतो. रॉबर्ट हूकने 1678 साली मांडलं की स्प्रिंगची वाढ तिच्यावरच्या बलाच्या प्रमाणात असते (अर्थात मर्यादेच्या आत). एवढं प्रमाण ठाऊक असलं की लांबीच्या पट्टीवर न्यूटनचे आकडे लिहिता येतात. कारखान्यातली आणि प्रयोगशाळेतली बरीचशी उपकरणं याच कल्पनेची मोठी भावंडं आहेत.

पॉलिटेक्निकच्या माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत 'प्रूव्हिंग रिंग' असते. ती पोलादाची एक जाड कडी. तिला वरून दाबलं की ती किंचित लंबगोल होते आणि आत बसवलेला डायल गेज तो मिलिमीटरच्या छोट्या अंशातला बदल दाखवतो. प्रत्येक कडीसोबत तिचा स्वतःचा तक्ता येतो. एकीचा तक्ता दुसरीला चालत नाही.

आता किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा. त्याच्या ताटाखाली बहुधा ॲल्युमिनियमची एक छोटी दांडी असते, तिला लोड सेल म्हणतात. तिच्यावर 'स्ट्रेन गेज' चिकटवलेले असतात. नागमोडी धातूची ही पातळ पट्टी दांडीबरोबर ताणली गेली की तिचा विद्युतरोध वाढतो. हा गेज 1938 च्या सुमारास अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज या दोघांनी स्वतंत्रपणे शोधला.

रोध वाढतो तरी किती? 350 ओहमचा गेज घेऊ. दांडी हजारात एक भाग ताणली गेली, म्हणजे 10 सेंटिमीटरला 0.1 मिलिमीटर, तर रोध साधारण हजारात दोन भाग वाढतो, म्हणजे 0.7 ओहम. एवढासा फरक थेट मोजणं अवघड, म्हणून चार गेज जोडून व्हीटस्टन ब्रिज करतात. दोन ताणले जातात, दोन दाबले जातात आणि फरक ठळक होतो. तापमान बदललं तर चारही गेज सारखेच बदलतात, त्यामुळे तो परिणाम बराचसा आपोआप वगळला जातो. बारावीची मुलं 'हा ब्रिज कुठे वापरतात?' विचारतात, तेव्हा त्यांना वाण्याच्या दुकानात पाठवावं.

हा काटा मोजतो बल, पण लिहितो किलो. जुना तराजू दोन वस्तुमानांची तुलना करतो, तो चंद्रावरही तेच सांगेल. ताणकाटा आणि लोड सेल तिथे सहावा हिस्सा दाखवतील. पृथ्वीवरही गुरुत्वत्वरण विषुववृत्ताजवळ 9.78 आणि ध्रुवाजवळ 9.83 असतं. फरक अर्ध्या टक्क्याचा, म्हणजे 10 किलोमागे 50 ग्रॅम. म्हणून अचूक काटा जिथे वापरायचा तिथेच प्रमाणित वजनं ठेवून जुळवावा लागतो.

या जुळवणीला, म्हणजे कॅलिब्रेशनला, आपण वर्गात फार कमी वेळ देतो. बांधकामावरचा काँक्रीटचा ठोकळा घ्या, 150 मिलिमीटर बाजूचा. त्याने दर चौरस मिलिमीटरला 20 न्यूटन सोसावेत अशी अपेक्षा असेल, तर क्षेत्रफळ 22,500 चौरस मिलिमीटर, म्हणजे बल 4,50,000 न्यूटन. सुमारे 46 टनांचं ओझं! ते दाबयंत्राने, तेलाच्या दाबावर दिलं जातं. समजा ते यंत्र 5 टक्के जास्त दाखवतंय. मग 4,30,000 लाच फुटलेला ठोकळा कागदावर 4,51,500 ला फुटलेला दिसेल आणि पास होईल. स्लॅब मात्र खऱ्या काँक्रीटचाच पडणार. मुलांना हे गणित फळ्यावर करायला लावा, 'शून्य त्रुटी तपासा' हे वाक्य मग वेगळं ऐकू येतं.

घरी करायचा प्रयोग: एक बारीक स्प्रिंग आणि एक जाड रबरबँड टांगा. खाली प्लास्टिकची हलकी बाटली बांधून तिच्यात दर वेळी 100 मिलिलिटर पाणी घाला (हे जवळजवळ 1 न्यूटन). प्रत्येक वेळी लांबी लिहा, आलेख काढा. नंतर पाणी तसंच 100-100 मिलिलिटर काढत परतीच्या नोंदी घ्या, त्या बहुतेक जण विसरतात. स्प्रिंगचे बिंदू एका रेषेवर येतील. रबराची रेषा वाकेल आणि परतीची वाट जातानाच्या वाटेवर बसणार नाही. मग मुलांना विचारा, भाजीवाल्याने रबराचा काटा आणला तर आधी बटाटे मोजून घ्याल की कोथिंबीर?