काळी रेघ शाबूत ठेव, बाकी बघून घेऊ

ये, बस. फोन इकडे दे बघू. चार व्हिडिओ बघितलेस, प्रत्येकात वेगळा ब्रश, वेगळी सेटिंग, आणि आता म्हणतेस, "ताई, मला नाही जमणार." खरं सांगू का, मांगा म्हणजे त्या जपानी चित्रकथांतल्यासारखी मोठ्या डोळ्यांची मुलगी डीपीसाठी वहीत स्वतःच्या हातानं काढलीस ना, अवघड काम तिथंच संपलं. रंग भरणं त्यामानानं सोपं गं. आणि पेन-टॅब्लेट घ्यायचं खूळ आधी डोक्यातून काढ. बोट पुरतं.

वहीचा फोटो दिवसाउजेडी खिडकीशी काढ, आपलीच सावली कागदावर पडू देऊ नकोस. आयबिस पेंट ॲपमध्ये फोटो घेतलास की रेषाचित्र वेगळं काढू का म्हणून ते विचारतं. हो म्हण. कागदाचा पांढरा जातो, काळी रेघ तेवढी उरते. तो लेयर, म्हणजे चित्राचा थर, सगळ्यात वर, आणि त्याच्यावर रंगाचा एक थेंबही नाही! रंग खाली, नव्या लेयरांवर: त्वचेचा एक, केसांचा एक, कपड्यांचा एक. उद्या ओढणी लाल नको वाटली तर केसांना धक्का न लावता बदलता येते. ही काही जपानी जादू नाही बरं. लोणावळ्याजवळ मळवलीला रविवर्म्याच्या छापखान्यातही रंगागणिक छपाईचा दगड निराळा असायचा. तुला तर दगड उचलायचेही नाहीत.

ॲपमधल्या बादलीनं रंग ओतलास आणि तो सगळ्या पडद्यावर पसरला, तर घाबरू नको. कुठंतरी रेघ तुटली असणार, बहुतेक केसांच्या टोकाशी नाहीतर हनुवटीखाली. झूम करून फट बुजव. रेघेला लागून पांढरी किनार राहत असेल तर बादलीच्या सेटिंगमध्ये रंग एक-दोन पिक्सेल फुगवायची सोय आहे, ती वापर.

आता त्वचा. इथं मी तुला रागावणार आहे. तो फिकट गुलाबी कशाला उचललास? मांगाच्या पानावर चेहरा पांढरा दिसतो, कारण तो कोरा कागद असतो. तुझा अवतार आहे ना, मग तुझा रंग भर. भंडाऱ्याच्या टसरीचा न रंगवलेला धागा बघितलायस? त्या मधाळ, मातकट छटेपासून सुरू कर आणि आरशात बघत गडद करत जा. मात्र पिवळा जपून. माझी पहिली नायिका हळदीला बसलेल्या नवरीसारखी दिसायची.

सावलीसाठी त्वचेवर नवा लेयर घे, क्लिपिंग लाव म्हणजे रंग चेहऱ्याबाहेर जात नाही, आणि मोड मल्टिप्लाय. सावलीत काळा नको, चेहरा मळकट होतो. तांबूस तपकिरी घे. बटांखाली, हनुवटीखाली, मानेवर. बास. मांगाचं चित्र काळ्या-पांढऱ्यातच पूर्ण झालेलं असतं, त्याला रंगांचा भार लागत नाही. अमर चित्रकथा 1967 साली सुरू झाली, तेव्हा सुरुवातीच्या अंकांत पिवळा, निळा, हिरवा एवढ्यावरच भागवलं होतं. तुला चार-पाच रंग का पुरू नयेत?

मागे आंबागडचा किल्ला हवा म्हणतेस. हवाच गं, तुझ्या गावचा आहे. पण राजाखान पठाणानं 1700 च्या सुमारास बांधलेला अख्खा गड नखाएवढ्या डीपीत कसा मावणार? एक बुरूज घे, सपाट जांभळट रंगात, त्याच्या पायाशी धानाच्या बांध्यांचा हिरवा पट्टा. बारीकसारीक काही नको. कॅनव्हास चौकोनी ठेव, पण डीपी गोल कापला जातो, म्हणून चेहरा मधोमध आणि वेणी कोपऱ्यात नको. मधूनमधून चित्र अगदी लहान करून बघ. डोळे दिसले की जमलं.

मैत्रिणींसाठी छापील मांगातलं पान रंगवून देणार आहेस ना? तिथं थांब. एक तर त्यातल्या करड्या ठिपक्यांवर रंग घाणेरडा बसतो, आणि चित्र लहान केलं की ठिपक्यांच्या विचित्र लाटा उमटतात. दुसरं म्हणजे ती रेघ दुसऱ्याची. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात चित्रकाराच्या हयातीत आणि पुढे 60 वर्षं हक्क राहतो. तू रंग भरलास म्हणून चित्र तुझं होत नाही. काही चित्रकार रंगवण्यासाठी मुद्दाम रेषाचित्रं देतात. त्यांच्या अटी वाच, नाव लिही, विकू नकोस. त्यापेक्षा मैत्रिणींना समोर बसव आणि तूच काढ, तुझा हात चांगला आहे.

झालं की पीएनजीत सेव्ह कर, पण लेयरवाली मूळ फाइल उडवू नको. फोनमध्ये जागा नाही म्हणतेस? आईला विचारून ते गुड मॉर्निंगचे फोटो काढ आधी. लग्नाच्या व्हिडिओला मात्र हात लावशील तर बघ.