नळाच्या पाण्याचा वास आणि कॅन्सरची धास्ती

पावसाळ्यात नळाला औषधाचा वास आला की रिसोडात एक प्रश्न हमखास कानावर येतो: "डाक्टरसाहेब, या पाण्यानं कॅन्सर होते म्हणे?" विचारणाऱ्याच्या गालात पुष्कळदा तंबाखूचा खर्रा असतो. खऱ्या कॅन्सरचं बोलायचं तर आधी त्याचं बोलायला हवं. पण प्रश्न अगदीच खोटा नाही.

आपलं पाणी अडोळ धरणातलं. धरणात शेवाळ, कुजलेला पाला, शेतांतून वाहून आलेला गाळ असायचाच. त्यात क्लोरीन पडला की जंतू मरतात. मात्र थोडा क्लोरीन या सेंद्रिय घाणीशी संयोग पावून क्लोरोफॉर्मसारखे पदार्थ तयार करतो. रॉटरडॅमच्या योहानेस रूक या रसायनतज्ज्ञानं १९७४ मध्ये हे दाखवून दिलं. असं पाणी वर्षानुवर्षं पिणाऱ्यांमध्ये मूत्राशयाचा कॅन्सर किंचित जास्त आढळल्याचं काही अभ्यास सांगतात. पुरावा पक्का नाही. त्या कॅन्सरचं सर्वांत मोठं सिद्ध कारण बिडी-सिगारेट हेच आहे.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात क्लोरोफॉर्म लिटरला ०.२ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा. आणि नळापर्यंत पोचलेल्या पाण्यात मोकळा क्लोरीन किमान तेवढाच, ०.२ मिलिग्रॅम, असावाच लागतो. आकडा एकच, एकाला कमाल, दुसऱ्याला किमान. ही किमान मर्यादा का आहे, ते मेळघाटात दिसलं. जुलै २०२२ मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत विहिरीच्या दूषित पाण्यानं कॉलरा पसरला आणि माणसं दगावली. क्लोरोफॉर्मचा धोका असलाच तर तो वीस-तीस वर्षांचा हिशेब आहे. कॉलरा धडधाकट माणसालाही एका दिवसात नेऊ शकतो.

म्हणून क्लोरीन बंद करा, असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. मागणी करायचीच तर ती क्लोरीनच्या आधीच्या कामाची करा. तुरटी नीट पडली, गाळ बसला, पाणी वाळूतून गाळलं आणि मग क्लोरीन घातला, तर घातक पदार्थ कमी तयार होतात. गढूळ पाण्यावर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, ओतत राहिलं तर ते वाढतात. जलशुद्धीकरण केंद्रात हा क्रम पाळला जातो का, पाण्यातला क्लोरीन तपासणारी ओटी टेस्ट रोज होते का, हे नगरसेवकाला विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

घरी काय करायचं? ज्यांच्याकडे नळ रोज येत नाही, त्यांच्या टाकीत क्लोरीन दोन-तीन दिवसांत विरून जातो आणि जंतूंना रान मोकळं मिळतं. म्हणून पिण्याचं पाणी वेगळं भरा, झाका आणि ओगराळ्यानं काढा. हात बुडवलेला पेला हे आमच्याकडच्या निम्म्या जुलाबांचं कारण असावं, असं मला वाटतं. पाणी चांगलं खळखळ उकळू दिलं तर जंतू मरतात आणि क्लोरोफॉर्मही बराचसा वाफेबरोबर उडतो. उकळताना खिडकी तेवढी उघडी ठेवा. बंद न्हाणीघरात कढत पाण्यानं तासभर अंघोळ करणाऱ्यांनीही हेच करावं, कारण क्लोरोफॉर्म श्वासावाटेही शरीरात जातो. कार्बनचा फिल्टर असेल तर तो वास आणि क्लोरोफॉर्म दोन्ही धरतो, पण वेळेवर बदलला नाही तर त्याच्यातच जंतू वाढतात. थंड पाण्याच्या जारवर मात्र डोळे झाकून भरवसा नको. त्यात क्लोरीन बहुधा नसतोच, आणि जार आतून कधी घासला होता ते विकणाराही सांगू शकत नाही. वास जास्त वाटतो म्हणून घरच्या टाकीत स्वतः काही घालू नका. वास नाही म्हणून मूठभर टीसीएल टाकणं तर त्याहून वाईट.

मूत्राशयाच्या कॅन्सरची एक खूण मात्र लक्षात ठेवा. लघवीतून रक्त गेलं, दुखलं नाही, आपोआप थांबलंही, तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. बिडी ओढणाऱ्या पन्नाशीपुढच्या माणसांनी तर दुसऱ्याच दिवशी.