ऊन हवं, ताप नको

आमचं गाव अकोला जिल्ह्यातल्या खारपाणपट्ट्यातलं. गच्चीवर तीन किलोवॅटचं सोलार बसवून सहा उन्हाळे झाले. दर मे महिन्यात कुणी ना कुणी विचारायला येतं, "भाऊ, ऊन एवढं आग ओकतंय, आता तर वीज धो धो होत असेल ना?" त्यांना सांगतो तेच इथे लिहितो.

१. पॅनलला उजेड लागतो, उष्णता नाही. पॅनलवर छापलेले वॅट २५ अंशांवर मोजलेले असतात. बाहेर ४५ अंश असताना पॅनल स्वतः ६५ च्या वर तापतं आणि २५ च्या पुढच्या प्रत्येक अंशामागे साधारण ०.३५ टक्के वीज घटते. म्हणजे भर दुपारी चौदा टक्के तिथेच गेले. माझ्या वहीत सर्वात जास्त युनिट मार्चचे आहेत, मेचे नाहीत. म्हणून पॅनल पत्र्याला चिकटवून बसवू नका, खालून वारा खेळला पाहिजे.

२. लाईट गेली की नुसतं ऑन-ग्रिड सोलारही बंद पडतं. तारेवर काम करणाऱ्या लाईनमनला आपल्या विजेचा झटका बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. हे मला बसवताना कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच उन्हाळ्यात भर दुपारी लाईट गेली. वर एवढं ऊन, आणि खाली आई कूलरसमोर घामाघूम. त्या दिवशी बॅटरीचं मनावर घेतलं, इन्व्हर्टरही हायब्रिड घेतला.

३. बॅटरी कुठे ठेवता, यावर तिचं आयुष्य ठरतं. मी दीडशे एएचच्या चार ट्युब्युलर बॅटऱ्या जिन्यावरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवल्या, कारण तार कमी लागत होती. दुसऱ्या उन्हाळ्यात एका सकाळी बघतो तर पाण्याचे फ्लोट पार खाली बसलेले, एका बॅटरीची कड फुगलेली आणि खोलीत आंबूस वास. डिस्टिल्ड वॉटर भरत राहिलो, पण तिसरा उन्हाळा त्यांनी काढला नाही. लेड-ॲसिड बॅटरीचा ठोकताळा असा, की दर दहा अंश वाढीला तिचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. शिवाय ती अर्ध्याहून जास्त रिकामी केली तर लवकर खचते. आता लिथियम आयर्न फॉस्फेटची आहे. ती ऐंशी टक्क्यांपर्यंत बिनधास्त वापरता येते, पाणी लागत नाही. तापाचा त्रास मात्र तिलाही होतो. म्हणून ती खाली, पश्चिमेच्या खोलीत, जमिनीपासून वीतभर उंच ठेवली आहे.

४. आमच्या बोअरच्या पाण्याने पॅनल धुऊ नका. पाणी सुकलं की काचेवर क्षारांचे पांढरे डाग राहतात, पुढे ते घासूनही निघत नाहीत. मी पावसाचं साठवलेलं पाणी वापरतो, तेही सूर्य उगवायच्या आत. तापलेल्या काचेवर गार पाणी कधीच नाही.

५. आधी खर्च कमी करा, मग बॅटरी मोजा. जुना पंखा ७५ वॅट खायचा, बीएलडीसी तीसच्या आत भागवतो. असे दोन पंखे आणि दोनशे वॅटचा कूलर रात्री पाच तास चालले तरी दीड युनिटच्या आत काम होतं. सूर्यघर योजनेत २०२४ पासून तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, पण ते पॅनलच्या किलोवॅटवर, बॅटरीवर नाही. हिशोब करताना हे धरून चाला.

६. सावली. पॅनल माळेसारखे जोडलेले असतात, एकावर फांदीची सावली आली की साऱ्या माळेची वीज उतरते. आमच्या पश्चिमेच्या कडुनिंबाची सावली तीन वाजता दोन पॅनलवर यायची. बसवणारा म्हणाला, "काका, झाड छाटून टाका." मी पैसे देऊन ते दोन पॅनल पूर्वेला हलवून घेतले. त्याच कडुनिंबाच्या सावलीत बॅटरीच्या खोलीची भिंत असते. मे महिन्यात चार वाजताही तिला हात टेकवता येतो.