ऑस्टिओपॅथीचे कॉलेज निवडताना

अमेरिकेत डॉक्टर होण्यासाठी एम.डी. आणि डी.ओ. असे दोन मार्ग आहेत. डी.ओ. म्हणजे 'डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन'. डॉ. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८९२ साली मिसुरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे याचे पहिले कॉलेज काढले. हे डॉक्टर हातांनी सांधे-स्नायूंवर उपचार करायला शिकतात. औषधे देतात, शस्त्रक्रियाही करतात.

तिकडेच वाढलेल्या माझ्या भाचीला अशा दोन कॉलेजांत प्रवेश मिळत होता. शिक्षण कर्जावर, म्हणून तिने सल्ला विचारला. मी म्हटले, "इमारत पाहू नकोस, रुग्ण कुठे पाहायला मिळतील ते विचार."

चार वर्षांपैकी पहिली दोन मुख्यतः वर्गात आणि पुढची दोन रुग्णालयात जातात. पण अनेक डी.ओ. कॉलेजांचे स्वतःचे रुग्णालय नसते. मुलांना संलग्न रुग्णालयांत, कधी दूरच्या गावी राहावे लागते. तेव्हा पुढील प्रश्न जरूर विचारावेत :

१) रुग्णालयातील जागा कॉलेज देते, की स्वतः शोधायची?
२) वॉर्डातील रुग्ण पाहायला मिळतात, की फक्त बाह्यरुग्ण विभाग?
३) 'कॉमलेक्स' परीक्षेत पहिल्या प्रयत्नात किती जण उत्तीर्ण होतात?
४) किती जणांना रेसिडेन्सी मिळते? २०२० पासून दोन्ही पदव्यांना रेसिडेन्सीची मान्यता एकच संस्था देते.
५) फी, घरभाडे व प्रवास धरून एकूण कर्ज किती?

भाचीने फोन करून विचारले, आणि लहान गावातले कॉलेज निवडले. तेथील रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर होते.

आपल्याकडील पालकांनी ध्यानात ठेवावे, की बारावीनंतर तेथे थेट प्रवेश नसतो.